दहा मिनिटांचा उपग्रह

दूरदर्शनच्या सुरुवातीच्या काळात गच्चीवर चढून अँटेना फिरवण्याचं काम ज्यांनी केलं आहे, त्यांना आज मी जे सांगणार आहे ते समजायला मुळीच अवघड जाणार नाही. वर एक जण अँटेनाचा दांडा धरून उभा, खाली टीव्हीसमोर दुसरा आणि मध्ये जिन्यात तिसरा निरोप्या. "आलं का?" "आलं, आलं... गेलं!" माझ्या गोष्टीतही असाच एक माणूस हातात अँटेना घेऊन गच्चीवर उभा आहे. फरक एवढाच, की तो ज्या केंद्राच्या दिशेनं अँटेना धरतो ते केंद्र एका जागी नाही. ते सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगानं आकाशातून पळतं आणि क्षितिजावर उगवल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत पलीकडे मावळतं. तेवढ्या अवधीत, हातातल्या वॉकी-टॉकीवरून, हजार-दोन हजार किलोमीटरवरच्या माणसाशी बोलून घ्यायचं असतं.

हा उद्योग करणाऱ्यांना हौशी रेडिओवाले किंवा 'हॅम' म्हणतात. मीही त्यांच्यातलाच एक. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना घ्यायचा, आपलं संकेतनाम मिळवायचं आणि ठरवून दिलेल्या लहरींवर जगभरच्या हॅममंडळींशी बोलायचं. परीक्षेला बसायला वय फक्त बारा पूर्ण लागतं. अट एकच, पण कडक : यात धंदा करायचा नाही. निरोप पोचवण्याचे पैसे घ्यायचे नाहीत.

हातातल्या सेटला आम्ही 'हँडी' म्हणतो. त्याची ताकद पाच वॅट, म्हणजे घरातल्या एखाद्या लहान एलईडी दिव्याएवढी. शहरातल्या इमारतींमधून ती चार-पाच किलोमीटरमध्येच दमते. पण हाच सेट घेऊन सिंहगडावर गेलं, की खालचं सगळं पुणं टप्प्यात येतं. या लहरी सरळ रेषेत जातात, त्यांना अडथळा सोसत नाही, म्हणून उंचीला महत्त्व. उपग्रह म्हणजे, या हिशेबानं, साडेसहाशे किलोमीटर उंचीचा सिंहगड. तो क्षितिजावर असताना आपल्यापासून जवळजवळ तीन हजार किलोमीटर दूर असतो, पण मध्ये हवेखेरीज काही नसतं. पाच वॅट तिथवर पुरतात. आणि त्याला एका वेळी साडेपाच हजार किलोमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. पुणे, मस्कत आणि कोलंबो ही गावं त्याच्या दृष्टीनं एकाच पेठेतली.

आता प्रश्न असा, की हौशी लोकांचे उपग्रह आकाशात गेले कसे? उपग्रह ही सरकारांची मिरासदारी असताना?

४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियानं पहिला स्पुटनिक सोडला. त्याची 'बीप-बीप' २० मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकू येत होती आणि तसे सेट हॅम लोकांच्या घरी होतेच, त्यामुळे जगभरच्या हॅमनी तो ऐकला. चार वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या काही हॅमनी स्वतःचा उपग्रह तयार केला. अमेरिकी हवाईदलाच्या अग्निबाणावर तोल सांभाळण्यासाठी वजनं ठेवलेली असत. यांनी विनंती केली, की त्यातल्या एका वजनाच्या जागी आमची पेटी ठेवा. पेटी साडेचार किलोची, आत छोटा ट्रान्समीटर आणि साध्या बॅटऱ्या. तिला अग्निबाणापासून दूर ढकलायला दुकानातून विकत आणलेली साधी स्प्रिंग! १२ डिसेंबर १९६१ रोजी, म्हणजे गोवा मुक्त व्हायला बरोबर एक आठवडा असताना, हा 'ऑस्कर-१' कक्षेत गेला. मुख्य पाहुणा होता अमेरिकेचा हेरगिरी करणारा उपग्रह, आणि त्याच्या पाठीवर बसून गेलेली ही पेटी मोर्स संकेतात दोनच अक्षरं पाठवत होती : एच आणि आय. 'हाय'. तिच्यातलं तापमान बदललं की अक्षरांचा वेग बदलायचा, त्यामुळे ऐकणाऱ्याला घड्याळ लावून अंतराळातल्या पेटीचा ताप मोजता यायचा. २२ दिवस ती बोलत राहिली. २८ देशांतल्या पाचशेहून अधिक हॅमनी ती ऐकल्याचं कळवलं.

ऑस्कर-१ नुसता बोलायचा, ऐकायचा नाही. मार्च १९६५ मधला ऑस्कर-३ ऐकूही लागला : खालून आलेला आवाज घ्यायचा आणि दुसऱ्या कंपनसंख्येवर परत खाली पाठवायचा. म्हणजे दोन हॅम त्याच्यामार्फत एकमेकांशी बोलू शकले. तो जेमतेम अडीच आठवडे चालला, पण पुढचे सगळे उपग्रह याच कल्पनेची वंशावळ आहेत. १९६९ मध्ये वॉशिंग्टनला 'अॅमसॅट' ही संस्था निघाली आणि उपग्रह बांधण्याचं काम तिनं अंगावर घेतलं.

मात्र या काळात उपग्रहावरून बोलणं हे हँडीवाल्याचं काम नव्हतं. त्याला टेबलावर बसणारे जाडजूड सेट, छपरावर दोन दिशांना फिरणारे अँटेने आणि खिशात बऱ्यापैकी पैसे लागत. नोव्हेंबर १९८३ मध्ये मात्र एक गंमत घडली. ओवेन गॅरियट नावाचे हॅम अंतराळवीर 'कोलंबिया' यानातून गेले, ते सोबत हातातला सेट घेऊन. यानाच्या खिडकीच्या काचेला अँटेना लावायचा आणि फावल्या वेळात पृथ्वीवरच्या हॅमशी बोलायचं. त्यांच्याशी बोललेल्यांमध्ये जॉर्डनचे राजे हुसेन होते. तेही हॅम. (आपल्याकडे राजीव गांधीही हॅम होते, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.) गॅरियट यांनी एक गोष्ट सगळ्यांना दाखवून दिली : अंतराळ आणि जमीन यांच्यामधलं अंतर तोडायला हातातला सेट पुरतो.

हँडीवाल्यांचे म्हणता येतील असे उपग्रह नव्वदच्या दशकात आले. २६ सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपाच्या चारच दिवस आधी, दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातून एक छोटा व्यापारी उपग्रह सुटला. त्याच्यात हॅम लोकांसाठी एक भाग राखून ठेवला होता. त्याचं नाव एओ-२७. हा उपग्रह एफ.एम. पद्धतीनं काम करायचा, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या हँडीही एफ.एम.च्याच असतात. इंग्लंडच्या सरे विद्यापीठाचा १९९० मधला एक उपग्रह आधी संगणकीय निरोपांसाठी होता. त्या कामातून तो निवृत्त झाल्यावर त्यालाही आवाजाच्या कामाला लावलं गेलं. म्हाताऱ्या बैलाला मोटेवरून काढून गाडीला जुंपावं तसं. २००३ पर्यंत त्यानं ते निष्ठेनं केलं.

मग एक अपघात झाला, आणि माझ्या मते त्यानंच पुढची दिशा ठरवली. नोव्हेंबर २००० मध्ये हॅम संघटनांनी आपला आजवरचा सर्वांत मोठा उपग्रह सोडला : एओ-४०, वजन सहाशे किलोंच्या वर. अनेक देशांतल्या स्वयंसेवकांची कित्येक वर्षांची मेहनत. कक्षेत गेल्यावर महिन्याभरातच त्याच्या इंजिनात बिघाड होऊन तो अर्धा लुळा पडला आणि जानेवारी २००४ मध्ये कायमचा मुका झाला. एवढा मोठा उपग्रह पुन्हा बांधण्याची ना कुणाची छाती होती, ना ऐपत. त्याच वर्षी, २९ जून २००४ रोजी, बैकानूरहून 'एको' सुटला : पाव मीटर बाजूचा ठोकळा, वजन दहा-बारा किलो, एफ.एम. हँडीवाल्यांची चंगळ झाली. लहान उपग्रह सोडायला परवडतात, लहान उपग्रह खालून उडतात, आणि खालून उडणाऱ्याला हातातला सेट पुरतो. हँडीवाल्यांना आकाश मिळालं त्यात श्रीमंतीपेक्षा गरिबीचा वाटा मोठा आहे.

प्रत्यक्ष बोलायचं कसं तेही सांगतो. अँटेना घरी होतो. प्लास्टिकचा नळ घ्यायचा आणि सुताराकडची पोलादी टेप योग्य मापाला कापून त्याच्यावर आडवी बांधायची. जुन्या टीव्हीच्या अँटेनासारखाच दिसतो, फक्त हातात मावतो. उपग्रह कधी, कुठून उगवणार याचं वेळापत्रक संगणक देतो. उपग्रह गिरक्या घेत येतो, त्यामुळे अँटेना त्याच्याकडे रोखून धरला तरी पुरत नाही. मनगट फिरवत राहावं लागतं, मग आवाज उमलतो. शिवाय, जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी आणि दूर जाणाऱ्या गाडीची उतरती ऐकू येते, तोच प्रकार इथे रेडिओलहरींचा होतो. उपग्रह पाठवत असतो ४३६.७९५ मेगाहर्ट्झवर, पण उगवताना तो सुमारे दहा किलोहर्ट्झ वर ऐकू येतो आणि मावळताना तितकाच खाली. म्हणून त्या दहा मिनिटांत सेटचं बटण पाच-सहा वेळा एकेक पायरी उतरवायचं. एका हातात अँटेना, दुसऱ्यात सेट, कानात हेडफोन, आणि समोरच्याचं संकेतनाम लिहून घ्यायला तिसरा हात देवानं दिलेला नाही. मी छोटा टेपरेकॉर्डर खिशात ठेवून तो प्रश्न सोडवला. शेजाऱ्यांनी माझ्याविषयी काय मत बनवलं असेल ते असो.

पण खरी अडचण यंत्राची नाही, माणसांची आहे. एफ.एम. उपग्रहावर एका वेळी एकच जण बोलू शकतो. दोघं एकदम बोलले तर ज्याचा आवाज जबर त्याचा वर जातो, किंवा दोघांचं मिळून नुसतं किंचाळणं खाली येतं. आणि ऐकणारे किती? साडेपाच हजार किलोमीटरच्या वर्तुळातले सगळे. वाड्यातल्या एका नळावर पाणी दहाच मिनिटं येणार आणि रांगेत सगळ्या आळीच्या बादल्या, अशी ही स्थिती. त्यात एखादा पन्नास वॅटचा सेट घेऊन बसला, तर पाच वॅटवाल्यानं गच्चीवर उभं राहून नुसतं ऐकायचं. असे काही महाभाग असतात. स्वतः मोठ्यानं बोलतात, पण उपग्रहाकडून खाली काय येतं ते त्यांना ऐकूच येत नाही, म्हणून ते इतरांच्या बोलण्यावर बोलत सुटतात. हॅम लोक त्यांना 'मगर' म्हणतात : तोंड मोठं, कान नाहीत.

याच्यावर पोलीस नाही. जी काही शिस्त आहे ती रूढीची. आधी ऐका, ऐकू आल्याशिवाय बोलू नका. संकेतनाम सांगा, आपली जागा सांगा, आभार माना आणि बाजूला व्हा. जगाच्या नकाशावर चौकोन आखून त्यांना अक्षरं-आकडे दिलेले आहेत, त्यामुळे जागाही चार खुणांत सांगून होते. प्रकृती, हवापाणी, मुलांचे निकाल हे विषय वर्ज्य. एखाद्याचा क्षीण आवाज आला तर बाकीच्यांनी थांबावं, तो बहुधा हँडीवाला असतो. हे लोक पाळतात का? बहुतेक वेळा पाळतात. शनिवार-रविवारी जरा कमी.

ही अडचण टाळायची तर दुसऱ्या जातीचा उपग्रह लागतो, आणि आपल्या देशानं तोच निवडला. ५ मे २००५ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्ही-सी६ सुटला. त्याचा मुख्य प्रवासी होता कार्टोसॅट-१ आणि सोबत साडेबेचाळीस किलोचा हॅमसॅट. त्यात दोन ध्वनिपरावर्तक यंत्रं होती : एक भारतीय हॅमनी केलेलं, दुसरं हॉलंडमधल्या एका हॅम विद्यार्थ्यानं. जगभर तो व्हीओ-५२ या नावानं ओळखला गेला. तो एका आवाजापुरता नव्हता, साठ किलोहर्ट्झ रुंदीचा एक पट्टाच्या पट्टा उचलून खाली पाठवायचा. म्हणजे नळ नव्हे, नदीचा घाट. अनेक जोड्या शेजारी-शेजारी बोलू शकत. पण तिथे एफ.एम. चालत नसे. एफ.एम.चा सेट बटण दाबल्यापासून सोडेपर्यंत पूर्ण ताकदीनं बोलतो आणि घाटावरचं सगळं पाणी एकटाच ओढतो. म्हणून वेगळ्या पद्धतीचे, महागडे सेट लागत. आपला स्वदेशी उपग्रह डोक्यावरून जातोय आणि आपल्या हँडीला त्याच्यावर बोलता येत नाही, यानं आमच्यातले बरेच नवशिके तेव्हा खट्टू झाले होते. मला विचाराल तर निवड योग्य होती. संकटात एका वेळी एकच जण बोलेल असली सोय काय कामाची? भूजचा भूकंप २००१ मध्ये होऊन गेला होता. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीच्या वेळी भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हॅम योगायोगानं पोर्ट ब्लेअरमध्येच होते आणि अंदमानचे निरोप त्यांनी मुख्य भूमीवर पोचवले. ते सगळं काम उपग्रहाविना, जुन्या लघुलहरींवर झालं, हेही नमूद केलं पाहिजे. दहा मिनिटं दिसणारा उपग्रह आपत्तीत सर्व काही करील असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही.

हॅमसॅट दोन वर्षं चालावा अशी अपेक्षा होती. तो नऊ वर्षं चालला. जुलै २०१४ मध्ये बॅटऱ्यांनी दगा दिला. एकोही नोव्हेंबर २०११ मध्ये बॅटऱ्यांमुळेच गेला होता. या उपग्रहांचं मरण बहुधा तिथेच असतं : दर शंभर मिनिटांच्या फेरीत एकदा पृथ्वीच्या सावलीत जायचं, म्हणजे वर्षाला पाच हजारांवर वेळा बॅटरी उतरायची आणि भरायची. याला एक नामी अपवाद आहे. १९७४ मधला एओ-७ बॅटरी बिघडून १९८१ मध्ये मेला, एकवीस वर्षं निपचित फिरत राहिला, आणि जून २००२ मध्ये अचानक बोलू लागला! बिघडलेल्या बॅटरीनं सगळी वीज गिळून टाकली होती, ती पुढे पार तुटली आणि सौरपत्र्यांची वीज थेट यंत्राला मिळू लागली. मग तो उन्हात बोलायचा, सावलीत गप्प. २०२४ मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली तेव्हाही हा क्रम चालू होता.

हँडीवाल्यांची हौस श्रीहरिकोटानं पुढे वेगळ्या रीतीनं भागवली. २८ सप्टेंबर २०१५ रोजी अॅस्ट्रोसॅटबरोबर इंडोनेशियाचा एक उपग्रह गेला. त्यावर तिथल्या हॅम संघटनेचं एफ.एम. यंत्र होतं. तो विषुववृत्ताजवळून फिरणारा, त्यामुळे इंडोनेशियावरून दिवसातून चौदा वेळा जाणारा. बेटांच्या, भूकंपांच्या देशाला हे सोयीचं. आपल्याकडून तो डोक्यावर कधी येत नाही, दक्षिणेला क्षितिजालगत सरकत जातो. दक्षिणेला डोंगर किंवा उंच इमारत असेल त्यानं त्याचा नाद सोडावा. पुढच्या वर्षी, २२ जून २०१६ रोजी, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी बांधलेला 'स्वयम्' गेला. दहा सेंटिमीटरचा ठोकळा, वजन किलोभर, हॅम लहरींवर लिखित निरोप एका ठिकाणी घेऊन दुसऱ्या ठिकाणी उतरवण्यासाठी. ज्या गावात मी ही विद्या शिकलो तिथली मुलं उपग्रह बांधताहेत, याचं मला कौतुक वाटलं नाही असं म्हणणं खोटं होईल. सप्टेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरही हँडीला झेपेल असं यंत्र सुरू झालं.

हे सगळं ज्या लहरींवर चालतं त्यांच्यावर मात्र अनेकांचा डोळा असतो. हवेतली जागा जमिनीसारखीच महाग झाली आहे. जून २०१९ मध्ये फ्रान्सनं युरोपच्या बैठकीत सूचना आणली, की १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ हा पट्टा विमानसेवेसाठीही वापरता येईल का ते तपासावं. ऑस्कर-१ याच पट्ट्यात 'हाय' म्हणाला होता. निरनिराळ्या देशांतल्या हॅम संघटनांनी आपापल्या सरकारांकडे धाव घेतली आणि दोन-अडीच महिन्यांत ती सूचना मागे पडली. तेव्हा विचारला गेलेला प्रश्न पुन्हा विचारला जाणार, हे उघड आहे : फुकट बोलणाऱ्या हौशी लोकांसाठी एवढी मोलाची जागा का अडवून ठेवायची?

मला अशा वेळी एसओ-५० आठवतो. सौदी अरेबियानं बनवलेला हा छोटा उपग्रह २० डिसेंबर २००२ रोजी बैकानूरहून गेला, तोही मूळच्या रशियन क्षेपणास्त्रापासून केलेल्या अग्निबाणावर. वीस वर्षं उलटल्यावरही त्याच्यावर आवाज ऐकू येत होते. बॅटरी वाचावी म्हणून त्याला झोपण्याची सवय लावलेली आहे. तो दिसू लागला की कुणीतरी ७४.४ हर्ट्झचा एक हलका सूर दोन सेकंद पाठवायचा. मग तो दहा मिनिटांसाठी जागा होतो, आणि त्या वर्तुळात ज्याच्या ज्याच्या हाती रेडिओ आहे त्या सगळ्यांसाठी होतो. सूर कुणी पाठवला ते कुणालाच कळत नाही.